अण्णांच्या बंदुकीचा नवा दस्ता

परवान्याच्या नूतनीकरणासाठी आजोबांची रायफल कपाटातून काढली, तर तिचा लाकडी दस्ता माझ्या हातात राहिला आणि नळी गादीवर पडली. चापामागं मूठ बसते तिथंच तो मोडला होता. परवाना वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या नावावर. कपाटाची किल्लीही त्यांच्याच बंडीच्या खिशात. "जुनं लाकूड हाय, गेलं आसंल," म्हणत अण्णांनी पेपर उघडला.

माझा विश्वास बसला नाही. तो एरवीही पटकन बसत नाही. बायको म्हणते, मी देवळाबाहेर काढलेल्या चपलांचासुद्धा फोटो काढून ठेवतो. तसं एकदा केलंय, नाही असं नाही.

संशय कुणावर, हेही ठरलेलं होतं. पाचोडजवळ आमच्या शेताला लागून चुलतभावाचं शेत आहे. यंदाच्या नांगरटीत त्यानं बांध हातभर आत कोरला, तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं. तरी मागच्या आठवड्यात, मी वाळूजच्या कारखान्यात शिफ्टवर असताना, हा शहरातल्या आमच्या पुंडलिकनगरच्या घरी कैऱ्या घेऊन आला आणि अण्णांपाशी दोन तास बसला. कैऱ्या द्यायला दोन तास लागतात का?

नळी घरीच ठेवून मी दस्त्याचे दोन्ही तुकडे मागच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या सुताराकडे नेले. त्यानं शिसवाची फळी दाखवली. शिसव दाखवून दुसरंच काही गळ्यात मारेल म्हणून मी फळीवर पेनानं सही केली. तो नुसता हसला. नमुना उतरवायला जुने तुकडे जुळवले आणि मग ते उजेडाकडे फिरवून तो बराच वेळ बघत राहिला.

"साहेब, हे पडून मोडलेलं नाय. आदी कापलंय, मंग मोडलंय. आन् करवत लाकडाची नाय. दात लई बारीक हायेत. लोखंड कापायचं पातं हाय हे."

माझं डोकं फिरलं. विहिरीचे पाइप कापायला चुलतभाऊ असलं पातं ठेवतोच. तिथंच भुशात उभं राहून मी त्याला फोन लावला आणि नाही नाही ते बोललो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. "दादा, बांध मी कोरला, व्हय. बंदुकीला हात लावला नाय," एवढं म्हणून त्यानं फोन ठेवला.

घरी येऊन मी माझी हत्यारांची पेटी उघडली. माझ्याच हॅक्सॉ ब्लेडच्या दातांत काळपट भुसा अडकला होता. म्हणजे या पठ्ठ्यानं वर माझंच हत्यार वापरलं! मी तणतणत ब्लेड अण्णांसमोर धरलं.

"त्याला कशाला शिव्या देतो," अण्णा म्हणाले. "मी कापलं. दोन दुपारी लागल्या. हात चालत नायत आता."

मी ब्लेड खाली ठेवलं. का, एवढंच विचारलं.

"जेवताना म्हनलास ना, पुन्हा बांधाला नांगर लावला तर बंदूक घिऊनच जातो."

"रागात म्हणालो, अण्णा."

"रागातच नेतेत."

"मग ठाण्यात जमा करायची."

"का जमा करता, म्हनून इचारलं असतं. काय सांगू? पोराचं नाव?"

मला लाज वाटली. आणि खरं सांगतो, रागही आला. गावभर संशय घेत मी फिरत होतो आणि घरात माझ्यावरच नजर होती. लहानपणी चिडून मी ताट भिरकावलं होतं, ते अण्णा अजून विसरले नसावेत. दुसऱ्या दिवशी मी चुलतभावाला फोन करून माफी मागितली. सोपं गेलं नाही.

आठ दिवसांनी दस्ता तयार झाला. सुतारानं कानस मारून, घासून, जवसाच्या तेलाचे तीन हात दिले होते. अण्णांनी मुठीवरून अंगठा फिरवला. "चांगला झालाय," म्हणाले. मी स्क्रू आणि पेचकस पुढं केले. त्यांनी ते बाजूला ठेवले, दस्ता जुन्या धोतरात गुंडाळून आपल्या ट्रंकेत घातला आणि कुलूप लावलं. नळी कपाटातच राहिली.

"माफी मागितली मी त्याची," मी म्हणालो. "अजून भरवसा नाही का?"

अण्णांनी खरोखर विचार केला.

"पेरणी होऊ दे," ते म्हणाले आणि दोन्ही किल्ल्या बंडीच्या खिशात टाकल्या.