हेर अहो

मला मुंबईच्या विमानतळावर सोडायला सांगलीहून अकरा माणसं आली होती. त्यातल्या एका मामांना मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहत होते. बॅगेचं वजन तीन किलो जास्त भरलं, म्हणून आईनं फूटपाथवरच बॅग उघडली आणि लोणचं, मेतकूट, कुकरची शिट्टी असं एकेक बाहेर काढून परत आतच ठेवलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. त्यांनी निघताना एवढंच सांगितलं, "अनोळखी गावात उतरलं की आधी चौकशीची खिडकी शोधायची. बाकी सगळं आपोआप सापडतं."

हे २०१२ साल. हॅम्बर्गला उतरले तेव्हा मला घ्यायला एकही माणूस नव्हता, पाऊस तेवढा होता. चौकशीच्या खिडक्या होत्या, पण खिडकीपाशी जायला टर्मिन लागायचा, म्हणजे आधी ठरवून घेतलेली वेळ. टर्मिन मिळाला की आनमेल्डुंग, म्हणजे आपण इथं राहतो अशी पालिकेत नोंद. ती झाल्याशिवाय बँक आपल्याला माणूस मानत नाही. मी हळूहळू शिकले. रविवारी मिक्सर लावायचा नाही. सकाळ असो की संध्याकाळ, भेटेल त्याला 'मॉइन' म्हणायचं. रस्ता रिकामा असला तरी सिग्नलला थांबायचं. एकदा मी नाही थांबले, तर मागून एक आजोबा ओरडले, "मुलं बघतायत!" आसपास एकही मूल नव्हतं. तरी मी परत मागे येऊन उभी राहिले.

चार वर्षांनी आई-अण्णा तीन महिन्यांसाठी आले. मी त्यांच्यासाठी सूचनांचे दोन कागद लिहून फ्रिजवर लावले. आईनं ते वाचले आणि म्हणाली, "अगं, मी सासरी आले तेव्हासुद्धा एवढं नव्हतं." अण्णांनी मात्र महत्त्वाच्या ओळींखाली लाल पेनानं रेघा मारल्या. शेवटची सूचना होती : चुकामूक झाली तर जागेवर थांबा.

तिसऱ्या आठवड्यात ते दोघं पहिल्यांदा एकटे बंदर बघायला निघाले. मी विमानाच्या कारखान्यात, नदीपलीकडे, मीटिंगमध्ये होते. राटहाउस स्टेशनवर एक म्हाताऱ्या बाई जड पिशवी घेऊन उतरत होत्या. आईनं पिशवीचा एक बंद धरला, त्यांच्याबरोबर खाली उतरली, बाई 'डांके' म्हणाल्या, आई 'बिटे' म्हणाली, आणि मागं गाडीचं दार बंद झालं. गाडी अण्णांना घेऊन गेली. दोघांची तिकिटं, घराची किल्ली आणि आईची पर्स अण्णांच्या मांडीवर. फोन घरी चार्जिंगला.

दोघांनीही सूचना तंतोतंत पाळली. आई प्लॅटफॉर्मवर थांबली. अण्णा सीटवर थांबले. दाराच्या वरचा नकाशा बघून त्यांनी ताडलं होतं, की हा मार्ग गोल आहे. गोल मार्गावरची गाडी कधीतरी त्याच स्टॉपला येणारच. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी माणसांवर नाही, पण वेळापत्रकावर कायम विश्वास ठेवला होता.

आईला नवरा हरवल्यापेक्षा तिकीट नाही याचीच जास्त धास्ती. तिनं अण्णांचा सल्ला आठवून चौकशीची खिडकी शोधली. खिडकी नव्हती, एक खांब होता आणि त्याला बटण. तिनं ते दाबलं. खांबातून एक पुरुष बोलायला लागला. आई म्हणाली, "माय हजबंड, गॉन इन ट्रेन." खांबानं मोडक्या इंग्रजीत विचारलं, "नेम?"

आता इथं आमच्या घरचं सांगायला हवं. आईनं पस्तीस वर्षांच्या संसारात अण्णांचं नाव उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं. खांबापुढे उखाणा कसा घेणार?

खांबानं पुन्हा विचारलं, "युअर हजबंड. हाउ डू यू कॉल हिम?"

याचं उत्तर तिला येत होतं. ती म्हणाली, "अहो."

मग तिनं चष्म्याच्या घरातून माझ्या नंबरची चिठ्ठी काढून आकडे वाचून दाखवले. मला मीटिंगमध्ये फोन आला. पलीकडून एक गृहस्थ जर्मनमध्ये म्हणाले, "तुम्ही हेर अहो यांच्या कन्या का?"

हेर म्हणजे श्रीयुत. मी म्हटलं, "नाही, राँग नंबर," आणि फोन ठेवला.

परत फोन आला. मी दुसऱ्यांदा नाही म्हणणार, तेवढ्यात मागून, बहुधा खांबातूनच, आवाज आला, "अगं, हो म्हण!"

मी बंदराकडे जाणारी फेरी पकडली. ती बोट रोजच्याच वेगानं चालली होती, पण त्या दिवशी मला ती कुणीतरी दोरीनं ओढतंय असं वाटत होतं. फ्रिजवरच्या त्या कागदांचा राग येत होता. आपल्या गावात ज्यांना लोक वाट विचारत, त्या दोघांना मी अशा ठिकाणी आणून ठेवलं होतं, जिथं त्यांना वाट विचारताही येत नव्हती. अण्णांना शुगर. खिशात गोळी असेल का? डबा त्यांच्याकडे की आईकडे? मी डोळे पुसले. शेजारचे आजोबा म्हणाले, "वारा फार आहे आज." मी म्हटलं, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर.

तिकडे अण्णांची गाडी एका स्टेशनवर थांबली, दारं उघडली आणि लाउडस्पीकरवर घोषणा झाली : "हेर अहो, हेर अहो, बिटे..." पुढचं त्यांना काही कळलं नाही. अण्णांनी स्वतः उभी हयात स्टँडवर माइकसमोर काढलेली. "जिथं असतील तिथून नियंत्रण कक्षापाशी यावे" हे वाक्य त्यांनी हजारो हरवलेल्यांसाठी म्हटलं होतं. त्यांना कुणी पुकारायची ही पहिलीच वेळ. ते पर्स छातीशी धरून उतरले, समोर दिसलेल्या गणवेशातल्या बाईंपाशी ताठ उभे राहिले आणि म्हणाले, "आय ॲम अहो."

मी राटहाउसला पोचले तेव्हा आईशेजारी एक गणवेशातले गृहस्थ उभे होते आणि आई हात जोडून त्यांना सांगत होती, "टिकट, अहो! टिकट विथ अहो!" ते म्हणत होते, "या, या," म्हणजे हो, हो, "अहो येतायत." पाच मिनिटांत समोरच्या गाडीतून अण्णा उतरले.

आई ओरडली, "अहो, होता कुठं तुम्ही?"

गृहस्थ समाधानानं माझ्याकडे वळले. ओळख पटली होती.

"जागेवरच होतो," अण्णा म्हणाले. "गाडी हलत होती त्याला मी काय करू?" आणि मग त्यांनी पर्स आईपुढे धरली. आईनं पर्ससकट त्यांचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला, भर स्टेशनात. हे मी सांगलीत कधीच पाहिलं नव्हतं.

गृहस्थांना नोंद करायची होती. पासपोर्टवरचं लांबलचक नाव बघून ते गोंधळले. अहो हे नाव नाही, नाव घ्यावं लागू नये म्हणून असलेला शब्द आहे, हे मी दहा मिनिटं समजावलं. त्यांनी विचार केला आणि म्हणाले, "माझी आईसुद्धा वडिलांना नावानं कधी हाक मारायची नाही." मग विचारलं, "पाहुण्यांचं घर कुठं?" मी न थांबता बार्मबेकचा माझा पत्ता सांगितला, तिसरा मजला, डावीकडचं दार. सांगून झाल्यावर लक्षात आलं, की त्यांना सांगलीचा हवा होता.

दुसऱ्या दिवशी पाऊस होता. हीटरवर अण्णांचं धोतर वाळत होतं आणि आई पोह्यांना फोडणी देत होती. सांगलीहून मावशीचा फोन आला. तिनं नेहमीसारखं विचारलं असणार, काय चाललंय, कुठं आहात?

आई म्हणाली, "कुठं म्हणजे? घरीच की."

इथं आलेल्यांनो आणि तिकडं राहिलेल्यांनो, माझ्या तोंडून तो शब्द निघायला चार वर्षं लागली होती. आईला अडीच आठवडे पुरले.