बिनतारखेची वाट

माझ्या आगानेथामावशीच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. उरलेली दोन आमू नदीकाठच्या आमच्या पहिल्या वस्तीत, घराच्या उंबऱ्यावर पडली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते आणि खाटेखालून पाहत होते. तेव्हा हे काही ऐकीव नाही.

आम्ही जर्मन बोलणारी, हत्यार न उचलणारी माणसं. रशियाच्या झारने आमच्या पोरांच्या हातात बंदुका द्यायचं ठरवलं, तेव्हा आमची साठेक कुटुंबं गाड्या जुंपून पूर्वेला निघाली. प्रभू येशू पुन्हा येणार तो याच बाजूला, असं पाळकबाबा आब्राम फास्टनी शास्त्रातून काढलं होतं. वाटेत माझे आईबाप तापाने गेले आणि मी मावशीच्या पदरी आले. मध्य आशियातल्या खिव्याच्या खानाने आमू नदीकाठची दलदलीची जमीन दिली, तिथे आम्ही मातीची घरं उभी केली.

या गावात मारलं तरी कोणी उलटून मारत नाही, हे तुर्कमेन घोडेस्वारांना महिनाभरात कळलं. आधी आमचे घोडे गेले, मग गाई. आणि एका पहाटे ते घरात शिरले.

मावशीचा नवरा, पीटरकाका, पिंपं बनवायचा. त्या पहाटेही तो उठून पिंपाची फळी तासत बसला होता. चौघे आत आले. एकाने मावशीचे केस धरले आणि तिला दाराकडे ओढलं. काका मध्ये जाऊन उभा राहिला. कुऱ्हाड त्याच्या हाताच्या अंतरावर होती. त्याने कुऱ्हाडीकडे पाहिलं, मी पाहिलं ना त्याला पाहताना. मग त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत घट्ट धरले.

"तिला सोडा," एवढंच म्हणाला.

तलवार मानेत बसली. काका खाली कोसळला तेव्हा त्याचं रक्त माझ्या तोंडावर उडालं. मावशीने दाराची चौकट धरली होती, सोडत नव्हती, म्हणून दुसऱ्याने तिच्या बोटांवरच घाव घातला. तेवढ्यात बाहेरून कुणीतरी शीळ घातली, खानाचे शिपाई येत होते. घोडेस्वारांनी तिला तिथेच टाकलं आणि ते पळाले.

मावशीने कमरेला बांधलेल्या कापडाने हात बांधला, काकाचे डोळे मिटवले आणि मला म्हणाली, "टीना, बाहेर ये. तोंड धू."

त्यानंतर खानाने आम्हाला शहराजवळ, उंच भिंतीच्या एका बागेत आणून वसवलं. सुतारकाम, विणकाम चालू झालं, पोटाला मिळू लागलं. पण पाळकबाबांना चैन नव्हतं. पाच वर्षांनी त्यांनी प्रभू येण्याची तारीखच जाहीर केली. पुढल्या वर्षीच्या एप्रिलमधला एक दिवस. लोकांनी पेरण्या थांबवल्या, जनावरं वाटून टाकली. गेरहार्ट उनरू नावाच्या तरुणाने आपली एकुलती एक गाय उझबेक शेजाऱ्याला देऊन टाकली.

मावशी मात्र वाफ्यात घेवडा लावत होती. गेरहार्ट कुंपणाशी थांबून हसला. "काय मावशी, स्वर्गात भाजी मिळत नाही वाटतं?"

"मिळत असेल बाबा. पण प्रभूला दोन दिवस उशीर झाला, तर तूच वाटी घेऊन माझ्या दारात उभा राहशील."

पाळकबाबांच्या कानावर हे गेलं. ते स्वतः आले. "आगानेथा, हा अविश्वास आहे."

"अविश्वास कसला, पाळकबाबा? वाट तर मीही बघतेय. चोरासारखा येईन म्हणालाय तो. चोर कधी आगाऊ सांगून येतो का?"

मंडळीने तिच्याशी बोलणं टाकलं. फेब्रुवारीत गेरहार्टच्या बायकोचं दूध आटलं. मावशी शेळीचं दूध घेऊन गेली, तर त्याने दार उघडलं नाही. बहिष्कृत बाईच्या हातचं नको. बाळ आठव्या दिवशी गेलं. पाळकबाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "दोनच महिने, गेरहार्ट. ते तुझ्या मांडीवर परत येईल."

तो दिवस उजाडला. सगळे पांढऱ्या कपड्यांत अंगणात बसले. मावशीही बसली, सगळ्यांत मागे. गाणी झाली, प्रार्थना झाल्या. ऊन चढलं. दोन म्हाताऱ्या भोवळ येऊन पडल्या. दुपार कलली आणि भिंतीबाहेरून फक्त गाढवांचं ओरडणं ऐकू येत राहिलं.

गेरहार्ट उठला. चालत पाळकबाबांसमोर गेला. "माझं बाळ कुठाय?"

"बेटा, हिशेबात कदाचित थोडी..."

पहिला ठोसा तोंडावर बसला. मग दुसरा कुणी धावला, मग दहाजण. मी आमच्या माणसांना असं कधी पाहिलं नव्हतं. तुर्कमेनांनी बायका ओढल्या तेव्हा ज्यांनी काठीही उचलली नाही, ते आता म्हाताऱ्याच्या छातीवर बुटांनी नाचत होते. त्याची पांढरी दाढी लाल झाली. एक डोळा फुटला. बायका "मारा, मारा" ओरडत होत्या. त्यात माझीही ओरड होती, हे लपवत नाही.

मावशी माणसं ढकलत आत घुसली आणि म्हाताऱ्याच्या अंगावर पालथी पडली. गेरहार्टच्या हातात बाकाची फळी होती. तिने वर तोंड केलं आणि फळी नेमकी तिच्या जबड्यावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट आला.

तिने रक्त आणि दात थुंकले. शब्द फुटत नव्हते, तरी बोलली. "पीटरच्या हाताशी कुऱ्हाड होती, गेरहार्ट. तुला माहितेय."

फळी त्याच्या हातातून गळली. तो तिथेच मातीत बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. बाकीचे एकेक करून घरी गेले.

पाळकबाबांना कुणी घरात घेईना. मावशीने मागची खोली दिली. जबडा बांधलेल्या अवस्थेत ती त्यांना चमच्याने पेज भरवायची. सहा महिन्यांनी ते उरलेल्या एका डोळ्याने भिंतीवर खडूने पुन्हा आकडे मांडायला लागले, तेव्हा तिने खडू काढून घेतला.

"आता तारीख नको, बाबा. या शेंगा सोला."

त्यांनी सोलल्या. चार वर्षांनी ते त्याच खोलीत वारले, शेवटपर्यंत तिच्याशी कधी नजर न मिळवता.

पुष्कळ कुटुंबं अमेरिकेला निघून गेली. आम्ही राहिलो. मावशी रोज पहाटे प्रार्थना करायची, फाटकाबाहेर एकवार बघायची आणि कामाला लागायची. उझबेक बायकांची बाळंतपणं करायची, भांडणं सोडवायची. एकदा मी वैतागून म्हटलं, "अगं, किती वर्षं वाट बघणार?"

"माझ्या हातात किती आहे ते? तुझा काका त्या सकाळी फळी तासत होता. प्रभूसाठी तयारच होता की."

खानाची गादी गेल्यावर मुलूख पुन्हा पेटला. एका सकाळी घोडेस्वार फाटकाशी आले, पोरींना मागू लागले. मावशी तेव्हा साठीच्या पुढे होती. तिने पोरी तळघरात घातल्या आणि स्वतः फाटकात उभी राहिली. बंदुकीच्या दस्त्याने त्यांनी तिच्या बरगड्या मोडल्या. घर धुंडाळलं, दाणे नेले, पोरी सापडल्या नाहीत.

ती तीन दिवस जगली. तिसऱ्या दिवशी मला संताप आवरेना. "आला का तुझा प्रभू? अजूनही नाही आला!"

"नाही आला," ती म्हणाली. धाप लागली होती. "येईल. तू चुलीकडे बघ, दूध उतू जातंय."

मी दूध उतरवून परत आले, तर ती गेली होती. तिच्या हातून जन्मलेली कितीतरी उझबेक माणसं मातीला आली. गेरहार्टने खड्डा खणला, कुणाला फावडं लावू दिलं नाही. मी अजून त्याच घरात राहते. कधी कधी देवाशी भांडते, आणि मग सकाळी उठून फाटक उघडते.