डिंभ्याची गाडी

आमच्या मिशनच्या शाळेतल्या इंग्रजीच्या सिस्टरबद्दल मी लिहावं, एवढी माझी लायकी नाही, माफ करा. त्या केरळच्या, पण मराठी आमच्याकडून शिकलेल्या. प्रार्थनेची घंटा झाली की फाटक बंद व्हायचं आणि उशिरा आलेला घरी जायचा. घंटा त्यांच्याकडे होती.

“सिस्टर, वेळ झाली,” मुख्याध्यापिका म्हणायच्या.

“व्हय मदर, पन डिंभ्याची गाडी आली न्हाई.”

आम्ही डिंभे गावची पोरं एसटीतून उतरून धावत आत शिरलो, की “या पावणं,” म्हणत त्या घंटा वाजवायच्या. म्हणून मी कॉलेजपर्यंत पोचलो. हे त्यांना सांगायचं राहिलं. त्यांची बदली झाली.

परवा केरळहून आलेल्या एका सिस्टरकडून कळलं, आमच्या सिस्टर गेल्या. शेवटी त्या कुणाला ओळखत नव्हत्या, तरी रोज सकाळी प्रार्थनेआधी सगळ्यांना थांबवायच्या.

“डिंभे म्हणजे काय हो?” सांगणाऱ्या सिस्टरनी मला विचारलं.