गावठी गोभी

वहिनीला सातवा महिना लागला तेव्हा आईने घरात जाहीर केलं, बाळाच्या पोटात विष जायला नको, यापुढे भाजी फक्त गावठी. सेंद्रिय हा शब्द बाबांच्या चळवळीच्या पत्रकांतला. लहानपणी ती वाटत मी दिल्लीभर फिरले आहे; ‘विषमुक्त अन्न हा प्रत्येकाचा हक्क आहे’ हे वाक्य मला अजून पाठ आहे. आईचा शब्द मात्र गावठी.

गाझियाबादच्या आमच्या आठवडी बाजारात एकजण ‘जैविक’, म्हणजे सेंद्रिय, अशी पाटी लावून बसतो. आईने विचारलं, “भैया, गावठी गोभी है?” बिल्कुल है म्हणत त्याने नवलकोल पिशवीत टाकला. इकडे नवलकोलाला गाँठगोभी म्हणतात. घरी वहिनीला हसून हसून धाप लागली. बाळाचं नाव नवलकोलच ठेवू या, म्हणाली.

पुढच्या रविवारी मी त्याला म्हटलं, शेत दाखवा. तो खुशीने घेऊन गेला. हिंडन नदीच्या काठावर, उंच सोसायट्यांच्या सावलीत मेथी, पालक, कोबी. शेणखताचा ढीग त्याने कौतुकाने दाखवला. औषध मारत नाही म्हणाला, आणि ते खरं असावं, पानांना भोकं होती. मग त्याने पंप सुरू केला. नदीचं काळं, फेसाळ पाणी वाफ्यांत शिरलं. वास घशात झोंबला. बोअर का नाही, मी विचारलं. त्याचंही पाणी पिवळं येतं, म्हणाला. तो काहीच लपवत नव्हता. भांडायचं तरी कुणाशी? मेथीची जुडी त्याने मला पैसे न घेताच दिली, पाहुणी म्हणून.

घरी मी सगळं सांगितलं. यावर पत्रक काढायला हवं, असं बाबा म्हणाले.

वहिनीने विचारलं, “मग मी खाऊ काय?”

मंडीतली भाजी फवारलेली. मॉलमधल्या पाकिटावर हिरवं पान छापलेलं असतं, पाणी कुठलं ते नसतं. बाल्कनीत कुंड्या लावाव्या तर पानांवर रोज काजळी बसते.

आईने मेथी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली, धुतली, पुन्हा धुतली. संध्याकाळी लसूण घालून परतली.

“घे अजून,” ती वहिनीला म्हणाली, “लोह असतं त्यात.”

वहिनीने ताट पुढे केलं.