म्यूटवरचा अवधूत

अवधूत इतकं हळू बोलायचा, की आमच्या नाटकमंडळीत त्याला दारामागच्या नोकराचंही काम मिळालं नसतं. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवण्यात मी चाळीस वर्षं घालवली, त्यामुळे "पोटातून बोल रे!" म्हणून त्याच्या मागे लागायचो. तो नुसता हसायचा. नागपूरचा इंजिनिअर, अमेरिकेत सांता क्लारात माझ्या मुलीच्या, रत्नाच्या टीममध्ये. मीटिंगमध्ये सगळ्यांचा ठरलेला टोमणा, "अवधूत, तू म्यूटवर आहेस यार!"

मार्चमध्ये रत्ना, त्याच टीममधला अनीश, अवधूत आणि त्याची बायको ज्ञानदा स्कीइंगसाठी डोंगरातल्या एका हटवर, लाकडी झोपडीत, राहायला निघाले. तिथे रस्ता नाही, फोन नाही. बर्फावरच्या स्कूटरवर मागे बसून मीही हट्टाने गेलो, पिठलं रांधायला. पोचताच अवधूतने माझ्याही गळ्यात एक यंत्र अडकवलं.

"माणूस बर्फाखाली गेला, तर याच्या सिग्नलवरून सापडतो, काका."

"अरे, मी स्टोव्हपाशी बसणार!"

"तरी असू द्या."

दुसऱ्या दुपारी हटच्या दारातून मी त्यांना उतरताना पाहत होतो. ज्ञानदा शेवटी होती. अचानक तिच्या पायाखालचा अख्खा उतारच सुटला. बर्फ थांबला तेव्हा ज्ञानदा कुठेच नव्हती.

मी धावलो. मांडीभर बर्फात, "ज्ञानदा! ज्ञानदा!" असा टाहो फोडत. तिघांनी आपापली यंत्रं शोधायच्या बटणावर नेली होती, म्हणजे त्यांचे स्वतःचे सिग्नल बंद झाले होते. अवधूत यंत्रावरचे अंतराचे आकडे बघत चालला होता. चालता चालता वळला आणि थेट माझ्याकडे यायला लागला. दोन पावलांवर येऊन त्याने मान वर केली. तो चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही.

"काका, तुमचं बंद करा! आणि गप्प बसा!"

असा आवाज मी कुठल्याच नटाच्या गळ्यातून ऐकला नव्हता. मला बटण सापडेना. त्यानेच ते बंद केलं आणि पुन्हा आकडे बघत उलटा पळाला. ती बर्फाखाली गुदमरत होती आणि त्याचं यंत्र माझ्या गळ्यातल्या सिग्नलमागे येत होतं. माझा प्रवेशच चुकला होता.

"अनीश, इथे खण! रत्ना, मागचा बर्फ ओढ! थांबू नका!"

आधी हातमोजा दिसला. मग निळा पडलेला चेहरा. मग ती खोकली.

संध्याकाळी ज्ञानदा ब्लँकेटमध्ये बसून पिठलं खात होती. माझी मान वर होत नव्हती.

"अवधूत, माझ्यामुळे आज..."

तो काहीतरी पुटपुटला. अनीशने सवयीने टोमण्यासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. मी सरकत अवधूतजवळ गेलो, कान पुढे केला.

"उद्या निघताना ते यंत्र परत चालू करा, काका."