आळ मोरणीवर

रतिलाल पाटलाला दम लागायचा तो जेवून खाटेवर आडवं पडल्यावर. पण घरच्यांनी वड्याचं तेल वांग्यावर काढलं. आळ घेतला मोरणी घोडीवर; तिच्या केसांनीच दमा झाला, म्हणे. रतिलालचा इलाज त्याहून अजब. कफ तिखटानं कापायचा, म्हणून भाकरीवर लसणाचा ठेचा दुप्पट आणि वर कढत चहा.

शेवटी पोरगा मिथुननं सारंगखेड्याच्या यात्रेत गिऱ्हाईक गाठलं. आज ते टेम्पो घेऊन दारात उभं होतं. रतिलालचं जेवण अजून व्हायचं होतं; घोडी जाणार म्हटल्यावर घास उतरलाच नसता.

"आबा, दमाना पंपवर कितला दिन काढशी? जाऊ दे घोडी," मिथुन म्हणाला.

सून दामिनी पदर सावरत ओट्यावर आली. "शहादाना डॉक्टरनी काय सांगं व्हतं? पोटमानं आंबट वर येस, नळीले लागस, मंग छाती आवळस."

"पोटना न छातीना काय संबंध? डॉक्टरले घोडीनी लाच दिन्ही का?" मिथुन फिस्कारला.

"मोरणी आठ दिन मामाना गावले व्हती. तव्हय बी आबाले दम लागनाच ना?" दामिनी म्हणाली. " भरीत खाईसन आडा पडनात तव्हय."

रतिलाल उठला. खरारा घेऊन घोडीची पाठ रगडली, धूळ उडवली आणि तिच्या आयाळीत तोंड खुपसून उभा राहिला. सगळ्यांचे डोळे त्याच्या पाठीवर. मिथुनच्या मुठीत पंप. गिऱ्हाईकानं दोनदा मोबाईलात वेळ पाहिली. घोडीनं शेपटी झाडली तेवढाच आवाज. छातीतली शिट्टी काही वाजली नाही.

"आते जेव न आडा पड," मिथुन म्हणाला. "मंग पाहू."

दामिनीनं ताट आणलं. डाळ, भाकरी. ठेच्याची वाटी मिथुननंच पुढं सरकवली. "बोल आबा, घोडी का ठेचा?"

रतिलालनं वाटीकडं पाहिलं. साठ वर्षांची जीभ होती ती. मग वाटी उचलून पोराच्याच हातात दिली. दोन भाकऱ्यांची सवय, पण एकीवर हात धुतला. खाटेकडं न बघता त्यानं लगाम घेतला आणि घोडी तापीच्या वाटेनं पायी चालवायला काढली.

टेम्पो रिकामाच वळला. दामिनी मिथुनच्या हातातला पंप घेऊन मागं धावली, सासऱ्याच्या बंडीच्या खिशात कोंबला.

"घोडी ऱ्हायनी म्हनीसन हाऊ पंप टाकाना नही, आबा. न रातले खाटना उशाखाले दोन इटा लावसू, म्हंजे आंबट वर येवाव नही."