एका हाताने खेळायचे खेळ

दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत अंगात पाणी साठतं. ते मंगळवारी आणि शुक्रवारी वजनकाट्यावर दिसतं. किस्सेही असेच साठत जातात, पण ते मोजायला काटा नाही. म्हणून कुणाला तरी सांगावे लागतात.

आमचा वॉर्ड लहान आहे. पाच खाटा, पाच मशीन. सकाळच्या पाळीत दोन नंबरला गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले. तीन नंबरला मी, वडनेर भोलजीची, ब्लाउज शिवणारी. चार नंबरला रुखसाना भाभी, नांदुऱ्यात बांगड्यांचं दुकान असलेल्या. चार तास पडून राहायचं. ज्या हातात सुया टोचलेल्या असतात तो हात हलवायचा नाही. हलला की मशीन ओरडतं आणि टेक्निशियन सागर हातातलं काम टाकून धावत येतो. राहिलेल्या हाताने आम्ही मोबाईलवर फुकटचे खेळ खेळतो.

त्यामुळे खेळांबद्दल आमचं मत फार सोपं आहे. एका हाताने जमतो तो चांगला. दुसरा हात मागतो तो वाईट. गाड्यांच्या शर्यतीचा खेळ मी एकदाच खेळले. वळण आलं तसा माझा सुयांचा हातही वळला आणि मशीन बोंबललं. सागर धावत आला.

"ताई, गाडी कुठी ठोकली?"

*

आमच्या कुणाच्याच फोनमध्ये जागा नसते. माझ्या फोनमध्ये ब्लाउजच्या गळ्यांचे फोटो, भाभींच्या फोनमध्ये नातवंडांचे, आणि गुरुजींच्या फोनमध्ये लोकांनी पाठवलेल्या शुभ सकाळ. सागरनेच युक्ती सांगितली. "डाउनलोड करूच नका. ब्राउजर उघडा, खेळा, बंद करा. नाव नाही, नंबर नाही, काही नाही."

"मग मी काल कुठवर आलो होतो ते त्याले कसं समजते?" गुरुजींनी विचारलं.

"ब्राउजर लक्षात ठेवते ना, गुरुजी. तुम्ही पुसत नाही तोवर सगळं लक्षात ठेवते."

"सगळं?"

"हाव, सगळं."

गुरुजींनी फोन उलटा करून पाहिला. "विद्यार्थ्यांपेक्षा बरं आहे," म्हणाले.

*

बरेचसे खेळ इंग्रजीत असतात. एकदा सागरने एक बटण दाबून भाभींचं पान मराठीत करून दिलं. भाभी भुताच्या घरातून पळण्याचा खेळ खेळत होत्या. दोन खोल्या पळाल्या आणि तिसऱ्या खोलीत खड्ड्यात पडल्या. पडद्यावर मराठीत अक्षरं आली. भाभींनी ती शाळेतल्या मुलीसारखी मोठ्याने वाचली.

"तुमचा मृत्यू झाला आहे. पुन्हा प्रयत्न करा."

वॉर्डात पाच मशीन तेवढी फिरत होती. मग भाभीच म्हणाल्या, "सागर, हे डॉक्टरसायबाले दाखवजो. त्याइले पहिलंच वाक्य येते."

*

आम्हाला दिवसभराचं पाणी मोजून असतं. त्यातच चहा, त्यातच वरण, त्यातच गोळीबरोबरचा घोट. हे खेळ बनवणाऱ्यांना ते कुठून ठाऊक असणार? एक नळाचे पाइप जोडायचा खेळ आहे. पाइप नीट जुळले की पाणी खळखळत हौदात पडतं. एका हाताने छान जमतो. पण मी तो लावला आणि भाभी म्हणाल्या, "कुंदा, आवाज बंद कर वं."

मी केला.

थोड्या वेळाने म्हणाल्या, "आता दिसून राह्यलं."

मी फोन पलीकडे वळवला आणि खेळत राहिले. बराच वेळ गेला. भाभी डोळे मिटून पडल्या होत्या. मला वाटलं, झोप लागली.

"भरला का हौद?" त्यांनी विचारलं.

"भरला."

"गोड होतं का खारं?"

आम्ही खारपाणपट्ट्यातल्या. विहिरीला येईल ते खारं पाणी जन्मभर प्यायलो. आता मशीनला मात्र गोड पाणी लागतं, तेही गाळून गाळून. तो खेळ मी पुन्हा लावला नाही.

*

गुरुजींचा खेळ ठरलेला. रंगीत फुगे फोडायचे. तीन जीव मिळतात. तिन्ही संपले की खाली दोन चौकोन येतात. एकावर लिहिलेलं असतं, ‘जाहिरात पाहा, एक जीव मिळवा’. दुसऱ्यावर ‘नको’. गुरुजी नेहमी ‘नको’ दाबायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचे.

"आपल्या वाट्याले तीन आले, तीन संपले," ते म्हणायचे. "चौथा मागणं म्हणजे कॉपी करणं."

"मी तर रोज धा-धा घेते," भाभी म्हणायच्या. "देऊन राह्यले तर काऊन नाही घ्यायचं?"

हे बोलणं फुग्यांचं नव्हतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. गुरुजींची मुलगी वैशाली हिवरा आश्रम गावी असते. दर शुक्रवारी एसटीने यायची आणि तिच्या हातात एक निळी फाईल असायची. तिला वडिलांना किडनी द्यायची होती. रक्त जुळलं होतं, तपासण्या झाल्या होत्या, तिचा नवराही तयार होता. राहिली होती फक्त गुरुजींची सही.

"तुझं पोरगं दोन वर्षांचं आहे," गुरुजी म्हणायचे.

"बाबा, एका किडनीवर माणूस चांगला जगतो. डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं आहे."

"मग मले दोन काऊन दिल्या होत्या?"

"त्या दोन्ही गेल्या, म्हणूनच तर आली आहे."

यावर गुरुजी फुगे फोडायला लागायचे. फाईल पिशवीत परत जायची.

*

डायलिसिसच्या शेवटच्या तासात पायात गोळे येतात. एकदा मला असे आले की फोन पोटावर पडला आणि मी दात आवळून पडून राहिले. सिस्टर पाय दाबत होत्या. बऱ्याच वेळाने पाहिलं तर पडद्यावर प्रश्न आलेला. ‘तुम्ही अजून आहात का?’

मी तो वाचून दाखवला.

"हो दाबा, कुंदाबाई," गुरुजी म्हणाले. "इतकं विचारून तरी राह्यले."

*

भाभींचा आवडता खेळ कड्यांचा. दांड्यांवर रंगीत कडी असतात. एका दांडीवर एकाच रंगाची लावायची. भाभी त्यात कधी हरल्या नाहीत. तरी त्यांचं त्याबद्दल मत वाईटच होतं. "हा बनवणाऱ्यानं बांगड्या कधी विकल्या नाहीत वं. सगळ्या एकाच मापाच्या ठेवल्या. बायांचे हात असे असतात का?"

एका शुक्रवारी त्यांची वेळ संपली तेव्हा एक कडं लावायचं राहिलं होतं. सागर सुया काढत होता. भाभींनी पान तसंच उघडं ठेवलं. "मंगळवारी लावते," म्हणाल्या.

शुक्रवार ते मंगळवार हे आमचं सगळ्यात मोठं अंतर. त्यात पाणी जास्त साठतं, आणि पाण्याबरोबर बाकीचंही. भाभी सोमवारी पहाटे गेल्या, घरीच.

तीन-चार दिवसांनी, आमच्या शुक्रवारी, त्यांचे मालक आले. रशीदचाचा. हँगरची तार वाकवून भाभींनी फोनचं एक स्टँड केलं होतं. आम्ही तिघं ते आळीपाळीने वापरायचो. ते परत द्यायला आले होते. खिशातून भाभींचा फोनही काढला. "यात एक गेम चालूच दिसते. बंद कशी करतात?"

गुरुजींनी मोकळा हात पुढे केला, फोन घेतला आणि पाहिला.

"एकच कडं राह्यलं आहे," ते म्हणाले. "लावून देऊ का?"

"नको, गुरुजी," चाचा म्हणाले. "तिचं आहे."

स्टँड माझ्या खाटेजवळ आहे.

*

आता शेवटचा किस्सा.

त्यानंतर गुरुजी दोन आठवडे खेळले नाहीत. चार नंबरला एक नवी बाई आली. वैशालीने तिच्याकडे पाहिलं आणि त्या शुक्रवारी फाईल काढलीच नाही. पुढच्या शुक्रवारी काढली, पण बोलली नाही. नुसती मांडीवर घेऊन बसली.

त्या दिवशी गुरुजींचा बीपी उतरला होता. सिस्टरने खाटेची पायाकडची बाजू उंच केली होती. ते डोळे मिटून पडले होते. वैशालीच्या फोनचं चार्जिंग संपलेलं, म्हणून तिने वडिलांचा फोन घेतला आणि फुगे फोडायला लागली. सवय नव्हती. तीन जीव लगेच संपले.

"काकू, ‘नको’ कुठे असतं हो?" तिने मला विचारलं.

"खाली. डाव्या अंगाला."

तिचं बोट दुसरीकडेच पडलं. कसलं तरी पान उघडलं. ‘तुमची आजवरची कामगिरी’, तिने वाचलं. फोडलेले फुगे इतके. खेळलेले डाव इतके. मग ती थांबली. फोन डोळ्यांजवळ नेला आणि पुन्हा पहिल्यापासून, हळूहळू वाचलं.

"जाहिरात पाहून मिळवलेले जीव, दोनशे चौदा."

सिस्टरने वर पाहिलं. मीही पाहिलं. वॉर्डात गुरुजींनी एकही घेतलेला आम्ही पाहिला नव्हता.

"बाबा," वैशाली म्हणाली, "ही कॉपी घरी करून राह्यले होते का?"

गुरुजींनी डोळे उघडले. "आण इकडे तो फोन," म्हणाले, आणि हात पुढे केला. सुयांचा हात.

मशीन ओरडायला लागलं. सागर धावत आला, हात सरळ केला, सुया तपासल्या, आवाज बंद केला. "गुरुजी, तुमचा हात तर दोन वर्षांत हलला नाही," तो म्हणाला. "असा कोणता खेळ चालू होता?"

सागर गेला. गुरुजी वरच्या पंख्याकडे पाहत होते.

"माझा चष्मा दे," ते म्हणाले.

वैशालीने उशीखालचा चष्मा काढून त्यांच्या डोळ्यांवर ठेवला आणि फोन त्यांच्यासमोर धरला.

"फोन ठेव तिकडे," गुरुजी म्हणाले. "ती फाईल दे."